कोणत्या गृहिणीचं बजेट?

प्रति,
मराठी आणि हिंदी वृत्तवाहिन्यांचे संपादक,
तसेच कांद्याच्या बाजारभावाचे व्हिडिओ करणारे सर्व भाऊ-बहिणी यांस,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

मी निफाड तालुक्यातली कांदा उत्पादक. लग्न होऊन या घरात आले त्याला चोवीस वर्षं झाली. तेव्हापासून उळं म्हणजे कांद्याचं बी टाकण्यापासून ते चाळ म्हणजे कांदा साठवायचं शेड फोडण्यापर्यंतची सगळी कामं या हातांनी केली आहेत. आमचे हे ट्रॅक्टर घेऊन विंचूरच्या उपबाजारात जातात, क्वचित लासलगावला. विक्रीची पट्टी घरी आली की वहीत उतरवायचं काम माझं. मजुरी, औषधं, खत, डिझेल, गावच्या सोसायटीच्या कर्जाचा हप्ता सगळं त्याच वहीत आहे. या पत्रात मी जे लिहिते आहे ते त्या वहीच्या भरवशावर.

पत्रास कारण की, परवा टीव्हीवर पुन्हा ती ओळ बघितली. "कांद्याने गृहिणींचं बजेट कोलमडलं." पडद्यावर भाजीबाजारातल्या एक ताई हातात पिशवी घेऊन उभ्या होत्या आणि तुमचा वार्ताहर त्यांना विचारत होता की आता स्वयंपाक कसा करणार. मी त्या वेळी चुलीपुढे भाकरी थापत होते. मीही गृहिणी आहे हो. कांदा महाग झाला की तुम्हाला गृहिणी आठवते आणि ती कायम शहरातलीच असते. कांदा पिकवणाऱ्या घरातही एक गृहिणी असते, तिचंही बजेट असतं आणि ते कांदा स्वस्त झाला की कोलमडतं, हे तुमच्या पडद्यावर येत नाही. आलंच तर सगळं होऊन गेल्यावर, रस्त्यावर कांदा ओतला की मगच.

हिशोबच मांडते. नाशिकला सिडकोत माझी नणंद राहते, घरात पाच माणसं. तिला महिन्याला सहा किलो कांदा लागतो. किलोमागे वीस रुपये वाढले तर महिन्याला एकशेवीस रुपये जास्त. हे काहीच नाही असं मी म्हणणार नाही. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला एकशेवीस रुपये फार असतात, मला त्याची जाण आहे. पण त्याच नणंदेच्या घरात एका फोनच्या महिन्याच्या रिचार्जला याहून जास्त जातात आणि त्यावर कुणी तिच्यापुढे माइक धरलेला मी पाहिलेला नाही. आता आमच्याकडे बघा. दीडशे क्विंटल उन्हाळ कांदा, म्हणजे उन्हाळ्यात निघणारा टिकाऊ कांदा, चाळीत आहे. किलोमागे पाच रुपये पडले की पंचाहत्तर हजार गेले. तेही एका वेळी, आणि ते परत येत नाहीत. पोराची फी, सोसायटी, पुढच्या हंगामाचं बी, सगळं त्या पंचाहत्तर हजारात असतं.

पण हे पत्र भावाच्या रडगाण्याचं नाही. भाव चढतो, पडतो, त्याची सवय आम्हाला पिढ्यांची आहे. मला सांगायचं आहे ते वेगळं. कांद्याची बातमी नुसता भाव सांगत नाही, ती भाव ठरवते. तुम्ही स्टुडिओत एक ओळ लिहिता आणि इथे खळ्यावर, चाळीत, रानात माणसं त्या ओळीवर निर्णय घेतात. ती ओळ अर्धवट असली तर निर्णय चुकतो आणि त्याची किंमत तुम्हाला नाही, आम्हाला मोजावी लागते.

एकदा काय झालं ते सांगते, म्हणजे मी हवेत बोलत नाही हे कळेल.

८ डिसेंबर २०२३ पासून कांद्याची निर्यात बंद होती. ती ३१ मार्च २०२४ पर्यंत राहील असं जाहीर झालं होतं. आमचा रांगडा, म्हणजे उशिराच्या खरिपाचा, लाल कांदा रानात तयार होत आला होता. लाल कांदा टिकत नाही, उन्हाळसारखा चाळीत भरून वाट बघता येत नाही. काढला की विकावाच लागतो. शनिवारी, १७ फेब्रुवारीला, लासलगावला सर्वसाधारण भाव क्विंटलला १,२८० रुपये होता. आम्ही ठरवलं होतं, अजून आठ-दहा दिवस जाऊ द्यायचे, पात सुकून माना पडू द्यायच्या, मग काढणी.

रविवारी संध्याकाळी गावाच्या ग्रुपवर पहिला मेसेज आला. मग दुसरा, मग एका वाहिनीच्या पडद्याचा फोटो. मग कुणाचातरी व्हिडिओ, ज्यात मागे भोंगा वाजत होता आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, निर्यातबंदी उठली. आमच्या ह्यांनी तो ओसरीवर मोठ्याने लावला. शेजारचे दोघे-तिघे आले. त्यातल्या एका बातमीच्या मथळ्याला शेवटी प्रश्नचिन्ह होतं, ते मी दुसऱ्या दिवशी पाहिलं. पण फोन हातात घेऊन चार माणसांना मथळा वाचून दाखवताना प्रश्नचिन्ह कुणी वाचत नाही. ते कानाला ऐकूच येत नाही. ओसरीवर ऐकू आलं ते एवढंच, की बंदी उठली.

रात्री साडेनऊला आम्ही काढणी ठरवली. दुसऱ्या दिवशी सोमवार, १९ फेब्रुवारी, शिवजयंती. गावातली तरुण पोरं मिरवणुकीला, मजूर मिळेनात. दुसऱ्या गावातून टोळी आणली, नेहमीच्या दीडपट मजुरीवर, वर आणायचं-सोडायचं भाडं. दिवसभर उपटणं चाललं. संध्याकाळी रानात बॅटरीचे दिवे लावून बाया कांदा कापत बसल्या, मीही त्यांच्यात होते. विळ्याखाली पात हिरवीगार होती, मान ओली होती. कापताना पाणी सुटत होतं. असा कांदा वजनाला भरत नाही आणि ढिगात लवकर तापतो, हे तिथल्या प्रत्येक बाईला माहीत होतं. एक म्हातारी मावशी मला म्हणाली, "सूनबाई, अजून कोवळा आहे गं." मी म्हटलं, "माहीत आहे मावशी. भाव आहे तोवर काढू."

भाव होता, खरंच होता. त्या सोमवारी लासलगावला सर्वसाधारण भाव १,८०० रुपये निघाला. दोन दिवसांत चाळीस टक्क्यांची वाढ, रानात काहीही बदललेलं नसताना. ना पाऊस पडला होता, ना आवक घटली होती, ना एक कंटेनर बंदराकडे निघाला होता. फक्त एक बातमी आली होती.

मंगळवारी केंद्राच्या ग्राहक व्यवहार सचिवांनी खुलासा केला. बंदी उठलेली नाही, ३१ मार्चपर्यंत कायम आहे. आमची ट्रॉली बुधवारी विंचूरच्या रांगेत लागली. सोमवारचा भाव आम्हाला मिळाला नाही. मिळाला त्यातून दीडपट मजुरी आणि भाडं वजा केलं, तर आठ दिवस थांबून शनिवारच्या भावाने विकला असता तरी जास्त पैसे हातात आले असते. वहीत त्या पानावर मी लाल पेनने रेघ मारून ठेवली आहे.

नंतर कळलं की त्या बातमीच्या बुडाशी काहीतरी खरं होतं. काही मित्रदेशांना मर्यादित कांदा द्यायच्या हालचाली सुरू होत्या. पुढे बांगलादेश, मॉरिशस, बहरीन आणि भूतान या चार देशांसाठी ५४,७६० टनांची परवानगी निघालीही. म्हणजे बातमी कुणी हवेतून काढली नव्हती. पण दिल्लीहून निफाडला येईपर्यंत "मर्यादित" हा शब्द वाटेत कुठेतरी गळून पडला आणि "हालचाली" या शब्दाचा "निर्णय" झाला. साध्या दोन शब्दांचा फरक. मला तुमच्याकडून खोट्या बातमीपेक्षा याची जास्त भीती वाटते. धादांत खोटी बातमी गावात कुणीतरी ओळखतो. अर्धी खरी बातमी कुणालाच ओळखता येत नाही.

आणि खुलाशाचं काय झालं? मंगळवारचा खुलासा तुम्ही दाखवला, मी नाही म्हणत नाही. पण रविवारी जी ओळ रात्रभर पडद्यावर फिरत होती, तिच्या जागी खुलासा एकदा येऊन गेला. आमच्या ग्रुपवर रविवारचे मेसेज मी नंतर मोजले, एकवीस होते. खुलाशाचे दोन.

आता बाजारभावाचे व्हिडिओ करणाऱ्या भावांशी थोडं बोलते. तुमच्यातले बरेच जण शेतकऱ्यांचीच पोरं आहेत, आमच्यासारख्याच घरातली. तुमचं काम मोलाचं आहे. माझे सासरे संध्याकाळी रेडिओला कान लावून बसायचे बाजारभावासाठी, किंवा दुसऱ्या दिवशी स्टँडवर जाऊन गावकरी नाहीतर देशदूत पेपर उघडून बघायचे. तोवर भाव शिळा झालेला असायचा. व्यापारी सांगेल तो भाव. आज लिलाव चालू असतानाच भाव चाळीत बसलेल्या माणसाच्या हातात येतो, ही तुमची कमाई आहे. म्हणूनच सांगते, ती वाया घालवू नका.

लिलाव कसा होतो तुम्ही रोज बघता. ट्रॅक्टर ओळीने उभे असतात. व्यापाऱ्यांचा घोळका एकेका ट्रॉलीपाशी येतो. आमचे हे फाळका पाडतात, थोडा कांदा खाली घरंगळतो. कुणी दोन कांदे उचलून हातात दाबून बघतो, कुणी पत्ती म्हणजे वरचं साल बघतो, रंग बघतो. पुकारा होतो, आणि मिनिटभरात आमच्या चार महिन्यांचा निकाल लागतो. पट्टी लिहिली जाते. मग काटा, मग व्यापाऱ्याचं खळं. तिथे ट्रॉली रिकामी होताना खालचा माल जरा उन्नीस निघाला की वांधा. वांधा निघाला की पुकारलेल्या भावातून पुन्हा काही कमी होतं. गोल्टी म्हणजे बारीक कांदा वेगळा, खाद म्हणजे डागी माल वेगळा.

बाजार समितीच्या फळ्यावर तीन आकडे असतात. किमान, कमाल, सरासरी. समजा कमाल २,४०० आहे, सरासरी १,६०० आणि किमान ७००. तो २,४०० कुणाला मिळाला? शे-पाचशे ट्रॉल्यांत एखाद-दोन ट्रॉल्यांना, ज्यांचा माल एकसारखा, डबल पत्तीचा, सुकलेला आहे. बाकी सगळे सरासरीच्या आसपास. पण व्हिडिओच्या चित्रावर लिहिलेलं असतं २,४००, वर आगीचं चिन्ह, बाणाचं चिन्ह. पंचवीस मैलांवरचा शेतकरी ते बघून ट्रॉली भरतो, डिझेल जाळतो, रात्री रांगेत झोपतो आणि सकाळी त्याला १,५०० ची पट्टी मिळते. त्याला वाटतं व्यापाऱ्याने लुटलं. भांडण होतं. मी अशी भांडणं पाहिली आहेत. एकदा आमच्या ह्यांनीच रागाने भरलेली ट्रॉली परत आणली आणि दुसऱ्या दिवशी आणखी कमी भावाने दिली, येण्याजाण्याचं डिझेल वेगळं. त्या रागाचं मूळ व्हिडिओवरच्या एका आकड्यात होतं.

दुसरी गोष्ट, "पुढच्या महिन्यात कांदा पाच हजार पार". भाऊ, हे तुम्ही कशाच्या आधारावर सांगता? उन्हाळ कांदा कितीही चांगल्या चाळीत ठेवा, दिवाळीपर्यंत चौथा-तिसरा हिस्सा घट, सड आणि कोंब यांत जातो. तुमच्या शब्दावर कुणी दोन महिने चाळ बंद ठेवली आणि पाच हजार आले नाहीत, तर त्याचा कांदाही गेला आणि भावही गेला. माझ्या जावेच्या माहेरी हे झालं आहे. चाळ फोडली तेव्हा खालच्या थरातून काळं पाणी निघत होतं. तुमच्या चॅनेलवर तोवर पुढचे तीसेक व्हिडिओ येऊन गेले होते.

हे सगळं इतकं का लागतं, तर कांद्याच्या बातमीला सरकार घाबरतं. १९९८ साली कांदा महागला आणि दिल्ली राज्यात सत्तेवर असलेला पक्ष विधानसभा निवडणूक हरला, तेव्हापासून ही भीती बसली आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये निर्यातबंदी आली, १४ सप्टेंबर २०२० ला पुन्हा आली. १९ ऑगस्ट २०२३ ला चाळीस टक्के निर्यात शुल्क लागलं, तेव्हा आमच्या जिल्ह्यातल्या बाजार समित्यांचे लिलाव बंद पडले. डिसेंबरात बंदी आली, ती मार्चनंतरही वाढली आणि ४ मे २०२४ ला उठली, शुल्क मात्र लागलं आणि पूर्ण शुल्क जायला १ एप्रिल २०२५ उजाडावा लागला. हे निर्णय बातमीमुळेच झाले असं मी म्हणत नाही. पण भाव चढू लागला की पडद्यावर रडणाऱ्या गृहिणी येतात आणि त्यामागोमाग दिल्लीहून आदेश येतो, हा क्रम आम्ही इतक्या वेळा पाहिला आहे की आता तुमच्या वाहिनीवर "कांदा रडवणार" अशी ओळ आली की इथली माणसं चाळीकडे धावतात. त्या एका ओळीने आवक वाढते, आवक वाढली की भाव पडतो.

कांद्यापुरतंच नाही. मे २०२० आठवा. टाळेबंदी होती, माणसं घाबरलेली होती. संगमनेर, अकोले, नारायणगाव पट्ट्यात टोमॅटोवर रोग आला, फळावर पिवळे-हिरवे-लाल पट्टे येत होते, म्हणून त्याला लोक तिरंगा म्हणू लागले. एका वाहिनीने तो माणसांनाही धोकादायक असल्यासारखा दाखवला. टोमॅटोच्या झाडावरचा विषाणू माणसाला होत नाही, हे कृषी महाविद्यालयातला कुठलाही प्राध्यापक फोनवर दोन मिनिटांत सांगेल. पुढे नमुने बंगळुरूच्या संशोधन संस्थेत तपासले गेले, वनस्पतींवरचेच विषाणू निघाले. पण तोवर गिऱ्हाइकाने टोमॅटोला हात लावणं सोडलं होतं. आधीच रोगाने मेलेला शेतकरी बातमीने दुसऱ्यांदा मेला.

त्याच्या आधी दोन-तीन महिने, फेब्रुवारी २०२० मध्ये, कोंबडी खाल्ल्याने कोरोना होतो असा मेसेज फिरला. ही बातमी कुणा वाहिनीची नव्हती, फोनवरची होती. माझ्या भावाचं सिन्नर तालुक्यात पोल्ट्रीचं शेड आहे, पाच हजार पक्षी. पक्षी तयार झाला की त्याच आठवड्यात उचलला जावा लागतो, कारण तो रोज खातो. खर्च किलोला सत्तरच्या घरात आला होता आणि दहा रुपयांनाही कुणी घेईना. सरकार सांगत होतं की कोंबडी खाण्यात धोका नाही, पण तो मेसेज कुणी पुढे पाठवला नाही. शेवटी भावाने गावात हाक मारून पक्षी फुकट वाटले. फुकट असूनही काही घरांनी दार लावून घेतलं. माझी वहिनी त्या दिवशी शेडच्या मागे जाऊन बसली होती, तिला मी तसं कधीच पाहिलं नव्हतं. ज्यांनी तो मेसेज पुढे ढकलला त्यांच्यात आमच्या नात्यातली माणसंही होती. एकाने तर भावाच्याच फोनवर पाठवला होता, काळजीपोटी.

वाईट बातमी दाखवूच नका असं माझं म्हणणं नाही. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आला तो खरा होता. पक्षी मारावे लागले, लोकांचं नुकसान झालं, पण ती बातमी यायलाच हवी होती, नाहीतर रोग पसरला असता. मराठी वृत्तपत्राची सुरुवात झाली तीच दर्पण नावाने, ६ जानेवारी १८३२ ला. आरशात वाईटही दिसणारच. पण आरसा समोर उभ्या माणसालाच दाखवतो, शेजारच्याचा चेहरा त्याच्यावर चिकटवत नाही.

आणि बातमीने काय भलं होतं तेही आम्हीच पाहिलं आहे. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून शेतकऱ्यांचा लाँग मार्च निघाला, त्यात सुरगाणा, पेठ, दिंडोरीकडची आदिवासी माणसं मोठ्या संख्येने होती. सुरुवातीला कुणाचं फारसं लक्ष नव्हतं. मग फाटलेल्या, रक्ताळलेल्या तळपायांचे फोटो फोनवरून फिरले, वाहिन्यांवर आले. ११ मार्चला ते मुंबईत पोचले तेव्हा दहावीच्या पोरांच्या परीक्षेला त्रास नको म्हणून रात्रीच चालत आझाद मैदानात गेले आणि मुंबईची माणसं पाणी, बिस्किटं, चपला घेऊन रस्त्यावर उभी होती. तळपायाच्या त्या फोटोला मथळा लागलाच नाही. त्याच वर्षी निफाड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला साडेसात क्विंटल कांद्याचे १,०६४ रुपये आले, ते त्याने मनीऑर्डरने पंतप्रधानांना पाठवले. तुम्ही ती पावती दाखवली आणि सगळ्या देशाला किलोला एक रुपया चाळीस पैसे हा भाव कळला. फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याला पाच क्विंटल कांद्याचा दोन रुपयांचा चेक मिळाला, तो फोटो घरोघरी पोचला. महिन्याभरात राज्य सरकारने क्विंटलला ३५० रुपये अनुदान जाहीर केलं. तो फोटो फिरला नसता तर ते इतक्या लवकर झालं असतं असं मला वाटत नाही. म्हणजे ताकद आहे. आम्ही ती मान्य करतो, म्हणूनच तुम्हाला पत्र लिहितो.

आमच्या बाजूने आम्ही काय केलं तेही सांगते, नुसतं बोट दाखवून चालणार नाही. त्या फेब्रुवारीनंतर गावाच्या ग्रुपवर आम्ही काही गोष्टी ठरवल्या. ग्रुपचे अॅडमिन शाळेतले गुरुजी आहेत. भावाचा मेसेज टाकायचा तर बाजार समितीचं नाव, तारीख आणि सरासरी भाव पाहिजेच, नाहीतर गुरुजी काढून टाकतात. सरकारी निर्णयाचा मेसेज असेल तर अधिसूचनेचा कागद पाहिजे, नुसता पडद्याचा फोटो चालत नाही. विंचूरला ज्याची ट्रॉली असेल त्याने फळ्याचा फोटो टाकायचा. बाण जोडून आलेला, पुष्कळदा पुढे ढकललेला मेसेज असेल तर आधी गुरुजींना वेगळा पाठवायचा, ग्रुपवर नाही. सुरुवातीला लोक चिडले, दोघं ग्रुप सोडून गेले. एक परत आला. भांडणं कमी झाली आहेत. गुरुजींना भूगोल शिकवून वर हे काम करावं लागतं, रात्री अकरालाही त्यांचा फोन वाजतो. हे काम खरं तर तुमच्या कार्यालयात, बातमी सुटण्याआधी व्हायला हवं होतं, एवढं मी म्हणेन.

म्हणून मागणं थोडं आहे. कांद्याचा भाव सांगाल तेव्हा सरासरी सांगा आणि कुठल्या बाजारातला, कुठल्या दिवसाचा, लाल की उन्हाळ ते सांगा. दादर-ठाण्यातला किरकोळ भाव दाखवाल तेव्हा त्याच दिवसाचा लासलगावचा भाव पडद्यावरच्या त्याच पट्टीवर शेजारी दाखवा. मधलं अंतर लोकांना आपोआप दिसेल, आम्हाला काही बोलावं लागणार नाही. मागच्या वर्षीची दृश्यं वापरलीत तर त्यावर वर्ष लिहा. गेल्या पावसाळ्यात भिजलेल्या कांद्याची जुनी चित्रं ताज्या बातमीत दाखवली होती आणि नाशिकहून नणंदेचा घाबरून फोन आला की तुमची चाळ भिजली का, आमच्याकडे तर ऊन होतं. "सूत्रांनी सांगितलं" अशी सरकारी निर्णयाची बातमी असेल तर अधिसूचना निघेपर्यंत "निर्णय" हा शब्द वापरू नका. आणि चुकलं तर जितका वेळ चूक पडद्यावर होती तितकाच वेळ दुरुस्ती ठेवा. प्रश्नचिन्हाचं मी वर लिहिलंच आहे.

कांदा तीन रुपये किलो होतो तेव्हाही वार्ताहर पाठवा. तेव्हा बाजारात नका पाठवू, घरी पाठवा. माझ्यापुढे माइक धरा, मी सांगते त्या महिन्यात स्वयंपाक कसा केला ते.

आमची उन्हाळ कांद्याची काढणी मार्चच्या शेवटी सुरू होते, एप्रिलभर चालते. तेव्हा भाव बहुतेक पडलेलाच असतो, म्हणून त्या दिवसांत तुमच्यापैकी कुणी इकडे फिरकत नाही. या वर्षी या. सकाळी सहाला या, ऊन चढायच्या आत. चाळ कशी भरतात, मान कशी सुकवतात ते कॅमेऱ्यात घ्या. दुसऱ्या दिवशी ट्रॉलीवर बसून विंचूरला चला, रांगेत थांबा, पुकारा होईल तो पूर्ण ऐका. मग काट्यावर, मग खळ्यावर. वांधा निघाला तर तोही घ्या. घरी आल्यावर पट्टी वहीत उतरवायच्या आधी तुम्हाला दाखवीन, आणि जेवून जा.

कळावे,
आपली,
एक कांदा उत्पादक गृहिणी
ता. निफाड, जि. नाशिक